सुट्टीत सिनेमा तीनच मिनिटे दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : सुट्टीत मुलांना कोणते चित्रपट दाखवावेत? मग याद्या निघतात. दहा-बारा नावे फ्रिजच्या दारावर चिकटतात आणि मे संपेपर्यंत मुलाने रोज दोन-अडीच तास पडद्यासमोर बसून ‘चांगले’ चित्रपट पाहून टाकलेले असतात. चित्रकलेचा क्लास वेगळा, गाण्याचा वेगळा, त्यांची ने-आण वेगळी. मुलांना चित्रकला, संगीत आणि चित्रपटाचा आस्वाद शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे यापेक्षा निराळे आहे. यादी नकोच. चित्रपटातली तीन मिनिटे पुरतात. उरलेला वेळ मुलांच्या हातात कात्री, तंगूस (नायलॉनची तार), मोजपट्टी आणि रंग असावेत. आणि ही तीन खाती एकाच घरात, एकाच टेबलावर चालतात.

कोल्हापूरकरांना हे पटायला जड जाऊ नये. बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी कॅमेऱ्याच्या खटपटीला हात घातला तो रंगाच्या कुंचल्यासकट. १९२० सालची ‘सैरंध्री’ ज्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून निघाली, तिथे पडदे, मूर्ती, पोशाख, जाहिरातीची चित्रे आणि कॅमेरा यांच्यात भिंती नव्हत्या. १ जून १९२९ रोजी इथेच स्थापन झालेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या पाच भागीदारांपैकी चौघे त्याच तालमीत तयार झालेले. ‘हा चित्रकलेचा तास, हा सिनेमाचा’ असे तिथे कुणी म्हटले नसणार.

आता तीन मिनिटांचे. दोन माणसे बोलताहेत किंवा कुणी घरातून बाहेर निघाले आहे, असा साधा प्रसंग निवडावा. गाणे किंवा मारामारी पहिल्या दिवशी नको. मुलापुढे एक रिकामी वाटी आणि मूठभर चिंचोके ठेवावेत. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद. पडद्यावरचे चित्र बदलले, म्हणजे कॅमेऱ्याची जागाच बदलली, की एक चिंचोका वाटीत. मोठ्यांनीही स्वतःची वाटी घेऊन बसावे. शेवटी मोजदाद केली की दोघांचे आकडे हमखास चुकतात, आणि खरा धडा तिथूनच सुरू होतो. मुले बहुधा कॅमेरा नुसता वळला तरी चिंचोका टाकतात. तिथे चित्र तुटलेले नसते, सरकलेले असते. मोठी माणसे उलट चूक करतात : माणूस खुर्चीतून उठता उठता चित्र तुटते तेव्हा त्यांचे लक्ष उठण्याकडे असते आणि तुटलेला सांधा दिसतच नाही. संकलक, म्हणजे चित्रपटाचे तुकडे कापून जोडणारा, नेमके याच भरवशावर हालचालीच्या मध्ये कात्री चालवतो.

दुसऱ्या फेरीत फोन पालथा घालून फक्त आवाज ऐकायचा. किती माणसे, घरात की बाहेर, दार लाकडाचे की लोखंडी, हे मुलाने सांगायचे. तिसऱ्या फेरीत चित्र आणि आवाज एकत्र. मग फरशीवर खडूने त्या खोलीचा नकाशा काढावा. माणसांच्या जागी दोन पेले, कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागी एक काडेपेटी. बहुतेक काडेपेट्या दोन पेल्यांना जोडणाऱ्या रेषेच्या एकाच बाजूला पडतात. का, हे आधी सांगू नये. एक काडेपेटी पलीकडे ठेवून फोनने फोटो काढायला लावावा. उजवीकडे पाहणारा माणूस अचानक डावीकडे पाहू लागतो आणि दोघे एकमेकांकडे नव्हे, एकाच दिशेला पाहत बोलताहेत असे वाटते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एवढे पुरे. फोनवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आधी बंद करावी, नाहीतर तीन मिनिटांची तीस कधी झाली ते कळत नाही.

कोल्हापुरातल्या मे महिन्याची वाटणी उन्हानेच करून ठेवली आहे : सकाळी सात ते नऊ बाहेर, बारा ते चार दारे-खिडक्या लावून आत, आणि संध्याकाळी वळीव आला तर पुन्हा आत. या दुपारच्या बंद खोलीतच सिनेमाचे मूळ आहे. पेठांतल्या जुन्या घरांत लाकडी दाराच्या फटीतून समोरच्या भिंतीवर रस्त्याचे उलटे चित्र उमटलेले अनेकांनी पाहिले असेल. ते मुद्दाम करता येते. उन्हाने उजळलेल्या बाजूची खिडकी काळ्या कार्डशीटने झाकावी, कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, दाराखालच्या फटीला गोधडी लावावी. कार्डशीटला साधारण १ सेंटिमीटरचे गोल भोक पाडावे आणि दीड मीटरवर पांढरी चादर ताणून धरावी. लगेच काही दिसत नाही म्हणून उठू नये. डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटे लागतात. मग समोरचे घर, तारेवरचे कपडे, जाणारी रिक्षा, सगळे डोके खाली पाय वर असे चादरीवर हलू लागते.

बहुतेकांचे बिघडते ते तीन कारणांनी. समोरचे दृश्य सावलीत असते : अरुंद बोळाकडे उघडणारी खिडकी दुपारी बारालाच चालते, चारला नाही. खोली पुरती काळी नसते. देव्हाऱ्यातले निरांजन किंवा चार्जरचा हिरवा दिवाही चित्र फिके करतो. आणि भोक मोठे होते. भोक लहान, म्हणजे ५ मिलिमीटर केले तर चित्र रेखीव पण अंधुक. मोठे केले तर उजळ पण पसरट. दोन्ही एकदम हवे असेल तर भोक २ सेंटिमीटर करून त्यावर घरातल्या चाळिशीच्या चष्म्याचे भिंग लावावे. नंबर +१ असेल तर चादर एक मीटरवर, +२ असेल तर अर्ध्या मीटरवर आणावी, मग मागेपुढे सरकवत नेमकी जागा शोधावी. भिंग सूर्याकडे कधीही रोखू नये, आणि त्यातून सूर्याकडे पाहू तर अजिबात नये.

चित्र उलटे का, याचे उत्तर इथल्या मुलांना परके नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे थेट गाभाऱ्यापर्यंत येतात आणि मध्ये इमारत आली की अडतात, वाकडी वाट करून येत नाहीत. तसेच इथे. छतावरून आलेला उजेड भोकातून सरळ खाली जातो, रस्त्यावरून आलेला सरळ वर. दोऱ्याचे दोन तुकडे भोकातून ताणून दाखवले की सहा वर्षांच्या मुलालाही समजते.

उजेडाचे चित्र झाले, आता ते चालवायचे. यासाठी आरशासमोर फिरवायची चकती आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. जाड पुठ्ठ्याचे २४ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे. कोनमापकाने ३० अंशांवर एक अशा १२ रेषा आखाव्यात. प्रत्येक रेषेवर काठापासून आत ३ सेंटिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद खाच कापावी. हे काम कटरचे, म्हणून मोठ्यांचे. मागची बाजू काळी रंगवावी. पुढच्या बाजूला खाचांच्या आत १२ घरांत एकाच हालचालीचे १२ टप्पे काढावेत. जोर काढणारा पैलवान फार छान जमतो : छाती खाली जाताना सहा चित्रे, वर येताना सहा. मध्यातून टाचणी पेन्सिलीच्या खोडरबरात खोचावी. चित्रे आरशाकडे, काळी बाजू आपल्याकडे. चकती फिरवून खाचांतून आरशात बघायचे.

चकती सेकंदाला एक फेरा घेते तेव्हा डोळ्याला १२ चित्रे मिळतात आणि पैलवान हलतो. खाचा ६-७ मिलिमीटरच्या झाल्या की चित्र चोळवटते, २ मिलिमीटरच्या केल्या की काळोख होतो. मागची बाजू पांढरी राहिली तर तिची चमक डोळ्यात शिरते. दिवा पाहणाऱ्याच्या मागे नको, चित्रांवर पडेल असा बाजूला हवा. मुले हमखास विचारतात, खाचा कशाला? चकती उलटी धरून खाचांशिवाय थेट चित्रांकडे पाहायला लावावे. करडा पट्टा दिसतो. प्रत्येक खाच म्हणजे एका चित्रापुरता उघडून मिटणारा डोळा. हुशार मुलाला पुढचे कोडे : खाचा १२ पण चित्रे ११ काढली तर? पैलवान जोर काढता काढता चकतीभोवती चालू लागतो.

जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु का चालतात, याचे उत्तरही घरात आहे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवत. दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चित्रे, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चित्रे. उन्हाळ्यात शेवयांचे यंत्र माळ्यावरून निघतेच. रिकाम्या यंत्राचा दांडा अर्धा मिनिट बरोबर सेकंदाला दोन फेरे फिरवून पाहावा. पंधराव्या सेकंदाला हात मंदावतो. हात मंदावला की तेवढ्या वेळात चित्रे कमी निघतात, आणि तीच फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली की माणसे धावतात. पुढे बोलपटांसाठी सेकंदाला २४ चित्रांचा वेग ठरला आणि जुनी फिल्म त्या वेगाने चालवली की धावपळ आणखी वाढली.

यानंतर फोन हातात द्यायला हरकत नाही, पण एकेक फोटो काढण्यापुरता : बाहुली थोडी थोडी सरकवत काढलेले फोटो ओळीने दाखवले की ती चालू लागते. पालक यासाठी रंगीत माती आणतात. मे महिन्यात ती वाईट निवड आहे. तेलाची माती उन्हाने मऊ होऊन बाहुली बसकण मारते, आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेली शाडू अर्ध्या तासात वाळून तिला भेगा पडतात. लग्नसराईत घरोघर साठलेल्या पत्रिकांचा जाड कागद सगळ्यांत उत्तम. त्यातून धड, डोके, दंड, मांडी, पोटरी वेगळे कापावेत, सांध्यांना दोऱ्याच्या गाठी माराव्यात. कागदाची बाहुली टेबलावर आडवी ठेवायची, फोन वरून खाली पाहील असा पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पट्टी टाकून घट्ट बसवायचा. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांना १२० फोटो लागतात. दर फोटोला बाहुली ५ मिलिमीटर सरकवावी. सुरुवातीला आणि शेवटी २-३ मिलिमीटर, नाहीतर ती झटक्याने निघते आणि आदळल्यासारखी थांबते.

चित्र लुकलुकते, ही सर्वांत मोठी तक्रार. फोन दर फोटोला उजेड नव्याने ठरवतो, म्हणून पडद्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस दोन्ही बांधून टाकावेत. वळवाचे ढग आले की खिडकीचा उजेड दर मिनिटाला बदलतो, म्हणून पडदे लावून एकाच दिव्याखाली काम करावे. फोटो काढणाऱ्याचा पांढरा सदरासुद्धा उजेड परतवतो. गडद कपडे घालून दरवेळी एकाच जागी उभे राहावे. पंखा बंद ठेवणे जमत नसेल तर प्रत्येक तुकड्याखाली मुगाएवढी कणीक लावावी. फोटोचे बटण बोटाने दाबले की फोन हलतो. तारेच्या इअरफोनचे आवाज वाढवण्याचे बटण बऱ्याच फोनमध्ये फोटो काढते, ते वापरावे. एक गोष्ट विनंतीवजा : हा दहा सेकंदांचा तुकडा तयार होताच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. अंगठे मिळाले की मूल दुसरा प्रयत्न करत नाही, आणि दुसरा प्रयत्न नेहमी पहिल्यापेक्षा चांगला असतो.

ज्यांना रोज तासभर बसणे शक्य नाही त्यांनी रोप वाढवावे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी अंकुराची वाढ अशीच थांबून थांबून टिपली होती. काचेच्या पेल्यात ओला कापूस आणि काचेला चिकटून एक पावटा. मूग घेऊ नये, उन्हाळ्यात तो एका दिवसात मोड काढून मोकळा होतो. सकाळी ७ ते रात्री ९ दर तासाला एक, असे दिवसाला १५ फोटो. सात दिवसांत १०५, म्हणजे जवळपास नऊ सेकंद. फोन दरवेळी काढून परत ठेवायचा असेल तर विटेवर त्याच्या कडांची पेन्सिलीने खूण करावी, पेला टेबलाला चिकटपट्टीने बांधावा. कापूस मे महिन्यात दिवसातून दोनदा ओला करावा लागतो. पाणी साचू दिले तर पावटा कुजतो. दर पंधराव्या चित्राला रोप उडी मारते. ती चूक नव्हे, ती रात्र आहे. मुलाने ते स्वतः ओळखेपर्यंत थांबावे.

गाण्याकडे वळू. इथेही तीन मिनिटेच, आणि त्याला कारण आहे. ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. करवीर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर आहे, तीही साडेतीन मिनिटांची. आठ वर्षांच्या मुलाला ‘शास्त्रीय संगीत ऐक’ म्हटले तर ते पळते. पुन्हा वाटी आणि चिंचोके द्यावेत : सुरुवातीचे शब्द परत आले की एक चिंचोका. दुसऱ्या दिवशी तीच तबकडी, पण चिंचोका टाकण्याच्या आधी ‘आता येणार’ म्हणून बोट वर करायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी बोट वेळेवर वर जाऊ लागते. मुखडा म्हणजे काय हे आता शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

स्वर कानाला जसे ऐकू येतात तसे डोळ्यालाही दाखवता येतात. ८० सेंटिमीटरची फळी घ्यावी. तिच्या एका टोकाला स्क्रू, त्याला अर्धा मिलिमीटर जाडीचा तंगूस बांधावा. फळी टेबलावर अशी ठेवावी की दुसरे टोक काठाबाहेर येईल. तिथून तंगूस खाली सोडून त्याला पाण्याची बाटली टांगावी. फळीवर दोन घोड्या, म्हणजे लाकडाच्या तिकोनी चिपा, एकमेकींपासून बरोबर ६० सेंटिमीटरवर. फळीखाली रिकामा पत्र्याचा डबा ठेवला की आवाज भरतो, बाटलीखाली उशी ठेवली की फरशी वाचते. दीड लिटर पाण्याने साधारण काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) आसपासचा सूर मिळतो. तोच सा धरावा.

मग तिसरी, सरकती घोडी तारेखाली घालून लांबी कमी करत जायचे. तार ६० असताना सा असेल, तर ५३.३ सेंटिमीटरवर रे, ४८ वर ग, ४५ वर म, ४० वर प, ३६ वर ध, ३२ वर नि आणि ३० वर वरचा सा. अर्धी तार म्हणजे वरचा सा, दोन-तृतीयांश म्हणजे पंचम, तीन-चतुर्थांश म्हणजे मध्यम. पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांची इतकी गोड उजळणी दुसरी नाही. वजनाने खेळायचे असेल तर बाटलीत अर्धा लिटर पाणी भरून सूर ऐकावा आणि वरचा सा मिळवायला किती लागेल याची पैज लावावी. सगळे एक लिटर म्हणतात. दोन लिटर लागते, म्हणजे चौपट. मिरजेला जाणे झाले तर तंबोरा बनवणाऱ्यांकडे मुलाला ही फळी आठवेल. तिथल्या घोडीवर सूर घुमावा म्हणून तारेखाली सरकवलेला जव्हारीचा दोरा हा मात्र पुढचा विषय.

चुकते ते सरकत्या घोडीमुळे. ती इतर दोघींपेक्षा फार उंच असली की तार घोड्यांवर जास्त घासते आणि सूर नेमका लागत नाही. एखाद-दुसरा मिलिमीटर उंच पुरे. काठावर तंगूस अडकतो आणि बाटलीचे पूर्ण वजन तारेपर्यंत पोचत नाही. तिथे गुळगुळीत काचेची बाटली आडवी बांधावी. आणखी एक. घरात पेटी असेल तर ४८ सेंटिमीटरवरचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला ऐकू येईल. मूल म्हणेल, आपली फळी चुकली. फळी चुकलेली नाही. पेटीचे स्वर सगळ्या पट्ट्यांत चालावेत म्हणून थोडे सरकवलेले असतात.

पट्टीचा विषय निघाला म्हणून. घरी गाणे शिकवणारे बाबा बहुतेक वेळा स्वतःच्या काळी एकमध्ये तानपुऱ्याचे ॲप लावतात. लहान मुलामुलींना ती पट्टी फार खाली पडते, मूल पुटपुटू लागते आणि ‘याला सूर नाही’ असा शिक्का बसतो. काळी चार किंवा पाच लावून बघावी. मुलगा बारा-चौदाचा असून आवाज फुटत असेल तर त्या सुट्टीत चढे गाणे थांबवून ताल घ्यावा.

तालाला घराची फरशी आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच लागते. आठ फरश्या, केरवा या तालाच्या आठ मात्रा, म्हणजे ठोके. घड्याळाच्या एका टिकटिकीत दोन पावले, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. पहिल्या फरशीवर टाळी, पाचवीवर हात उघडून ‘खाली’, म्हणजे टाळीविना मात्रा. लय पळते ती जवळजवळ नेहमी या खालीत, कारण टाळी नसली की मुलाला ती जागा रिकामी वाटते आणि ते ती पटकन ओलांडते. खालीला पाऊल मुद्दाम उंच उचलायला लावले की लय सावरते. मग दादरा सहाचा, रूपक सातचा, झपताल दहाचा. आता हे कागदी बाहुलीला जोडा : सेकंदाला १२ चित्रे आणि सेकंदाला २ मात्रा, म्हणजे एका मात्रेला ६ चित्रे, केरव्याच्या एका आवर्तनाला, म्हणजे आठ मात्रांच्या फेऱ्याला, ४८. दर सहाव्या फोटोला पाऊल जमिनीवर टेकवले की बाहुली ठेक्यात चालते. गणित न करता नुसते वरून गाणे चिकटवले तर तोच तुकडा पायात पाय अडकल्यासारखा दिसतो.

आवाज भरण्याबद्दल थोडेच. सुपात तांदूळ हळू फिरवले की पाऊस, नारळाच्या दोन करवंट्या म्हणजे घोडा, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन चुरगळले की आग. फोन आवाजापासून वीतभर अंतरावर, घडी केलेल्या गोधडीवर. पंख्याची घरघर सगळ्यांत आधी टिपली जाते, म्हणून हे काम सकाळी सहाला. सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवून तिचा फोटोही घ्यावा. नंतर चित्र आणि आवाज जुळवायला तीच खूण लागते. स्टुडिओतली क्लॅपची पाटी याच कामाची.

चित्रकलेला आम्ही मुद्दाम शेवटी आणले, कारण तीच पालकांना सर्वांत ओळखीची आणि तिथेच ते सर्वांत जास्त लुडबुड करतात. मुलाच्या चित्रावर आपला ब्रश चालवू नये, एवढे पाळले तरी अर्धे काम झाले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी जूननंतर करता येते. सुट्टीत बाहेर जावे. आबालाल रेहमानांनी ज्या रंकाळ्याला आणि कोटीतीर्थाला जन्मभर रंगवले ते रिक्षाच्या अंतरावर आहेत. कार्डशीटला ६ बाय ८ सेंटिमीटरची खिडकी कापून ती डोळ्यापासून फूटभर अंतरावर धरावी आणि त्यात जेवढे दिसेल तेवढेच काढावे. जुन्या चित्रपटांची चौकटही जवळपास याच प्रमाणाची, चारास तीन. डोळ्याजवळ आणून एक, फूटभर अंतरावर एक, हात लांबवून एक, अशा तीन चौकटींत एकच घाट काढला की दूर, मध्यम आणि जवळ हे शब्द कॅमेऱ्याविना समजतात.

जलरंगाचे उन्हाळ्यात एक मोठे दुखणे. आकाशाच्या रंगाचा सलग हात अर्ध्यावर येतो तोवर वरचा भाग वाळतो आणि कड पडते. उपाय असा : कागद जाडसर, किमान २०० जीएसएमचा, आकार साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर, त्याहून मोठा नको. आधी मागची बाजू ओल्या स्पंजाने पुसून घ्यावी. लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट रंग वाटीत कालवूनच सुरुवात करावी, कारण मध्येच नवा कालवायला थांबले की कड पडलीच. ब्रश दहा किंवा बारा नंबरचा गोल. बारीक ब्रश पहिल्या अर्ध्या तासात खिशातच. रंग तीन : अल्ट्रामरीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना. काळा घेऊ नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून घाटाच्या दगडाचा करडा जितका खरा येतो तितका ट्यूबमधल्या काळ्यातून येत नाही. नऊ वाजले की आवरते घ्यावे. सावल्या आखडतात, घाट सपाट दिसू लागतो आणि मुलाला वाटते आपल्यालाच जमत नाही.

लहानग्यांना घरचे रंग पुरतात. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळलेले. एक चमचा गेरू किंवा कोळशाची वस्त्रगाळ पूड, अर्धा चमचा हे डिंकपाणी, मधाचे दोन थेंब. डिंक जास्त झाला तर रंग तडकतो, कमी पडला तर बोटाला लागतो. हळद आणि बीट सुंदर दिसतात पण उन्हात टिकत नाहीत. त्याचाही प्रयोग करावा, अर्धे चित्र वहीत, अर्धे गच्चीवर. हळदीवर चुन्याची निवळी मोठ्यांनीच काडीने लावावी, ती लाल होते. कुंकू मात्र वापरू नये, बाजारातल्या कुंकवात काय असते याचा भरवसा नाही.

शेवटी एक विनंती आपल्यालाच. चित्रपटांची यादी छापण्याऐवजी वर सांगितलेल्या चकतीचा आराखडा, १२ खाचांसह, खऱ्या मापात एखाद्या रविवारी छापावा. आपल्या पानाच्या रुंदीत २४ सेंटिमीटरचे वर्तुळ आरामात बसते. कागद पातळ असल्याने तो पुठ्ठ्यावर चिकटवावा लागेल. त्यासाठी पातळ डिंक नको, सुरकुत्या पडतात. कणकेची घट्ट खळ पुठ्ठ्याला लावावी, कागदाला नाही, आणि वर जाडजूड पुस्तक ठेवून रात्रभर वाळू द्यावे. घरे मात्र रिकामी छापा. पैलवान मुले काढतील.

आपले,
चित्रकला, संगीत व चित्रपट-आस्वाद शिकवणारे काही जण,
कोल्हापूर